साडी नेसलेली जीप

करंजी गाव मागं पडलं की घाट लागतो. त्या घाटाच्या तोंडाशी, फेब्रुवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी, एक मुलगी रस्त्यात उभी राहून पळून चाललेल्या पिकअपच्या मागं ओरडत होती, "अहो, एकच माशी होती! एकच!"

पिकअपवाल्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. एका हातानं गाल दाबून धरत त्यानं दुसऱ्या हातानं ट्रॉलीची पिन उपसली होती आणि "ताई, मला माझा जीव प्यारा आहे," एवढं सांगून तो तिसगावच्या दिशेनं पसार झाला होता. आता काय म्हणावं! एवढा दांडगा गडी, आणि नखाएवढ्या माशीनं त्याला पळवून लावलं.

मुलीचं नाव धनश्री. मागं सोडलेल्या त्या दोन चाकी ट्रॉलीत होत्या तिच्या मधमाश्यांच्या पेट्या. काल संध्याकाळी माश्या घरट्यात परतल्यावर तिनं स्वतः एकेका पेटीच्या तोंडाला जाळी ठोकली होती. घाट चढून पलीकडं, हिवरे बाजारच्या अलीकडं एका मळ्यात कांद्याचं बियाणं फुलावर आलं होतं. माशी फिरली नाही तर त्या फुलात बी भरत नाही, म्हणून मळेवाला तिच्या पेट्यांची वाट बघत होता. तिचे वडील, मच्छिंद्र अण्णा, पेट्यांसाठी जागा करायला कालच तिकडं गेले होते.

पेट्या पोचवण्यात अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते ऊन. बंद पेटीत माश्या गारव्यात दम धरतात. एकदा का ऊन तापलं, की आतलं मेण मऊ पडतं आणि बिचाऱ्या पंख हलवून हलवून जीव सोडतात. गेल्या वर्षी नेमक्या याच घाटात एक टेम्पो तापून उभा राहिला होता आणि धनश्रीच्या निम्म्या पेट्या तिच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. त्या रात्री ती जेवली नव्हती. "यंदा एकदा बघू," अण्णा म्हणाले होते, "पुन्हा तसं झालं तर विकून टाकू बाळा, तुला असं बघवत नाही मला." आणि तिनंही मान हलवली होती. तिच्यातसुद्धा पुन्हा ते बघायची ताकद नव्हती.

तर अशी ती उभी. फोन कुणी उचलत नव्हतं. पूर्वेला आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं. आणि तेवढ्यात करंजीकडून एक जीप आली — हिरवी साडी नेसून!

खोटं नाही सांगत. लाल काठाची हिरवीगार साडी बॉनेटवरून पदर घेतल्यासारखी ओढलेली, पुढच्या जाळीवर चापूनचोपून निऱ्या काढलेल्या, वरून झेंडूचा मनगटाएवढा हार, आणि दोन्ही बाजूंनी दिवे असे डोकावताहेत की नव्या नवरीनं पदराआडून बघावं. धनश्री हात करायचंच विसरली. जीप आपणहून थांबली.

"काय झालं?" चालवणाऱ्या मुलानं डोकं बाहेर काढलं. तरतरीत नाक, थंडीनं लाल झालेले कान.

"तुमच्या गाडीला... साडी?"

त्याचे कान आणखी लाल झाले. "नवीन आहे. म्हणजे — गाडी जुनीच आहे, आजोबांची. पण इंजिन सगळं नवं बांधून घेतलंय. मग आत्या म्हणाली..."

"मोहट्याच्या देवीला दावून आनलीय!" मागच्या सीटवरून ठणठणीत आवाज आला. पोती, गाठोडी आणि एक मोठा भोपळा यांच्या मधोमध एक बाई ऐसपैस बसल्या होत्या. "देवीची ओटीची साडी हाय ती. घरच्या उंबऱ्याला पोचूस्तवर सोडायची न्हाई, तसा बोल हाय माजा. तू कोन गं, पोरी? अन् या डब्यात काय गुनगुन करतंय?"

त्या गोजरबाई. मुलगा त्यांचा भाचा, रविराज. नगरला नागापूरच्या एका कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवसांत वर्षभर खपून त्यानं ही जीप उभी केली होती. धनश्रीनं घाईघाईत सगळं सांगितलं. माश्या म्हटल्यावर हाही आता पळतो की काय, म्हणून ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. पण तो खाली उतरला, ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली आणि एका पेटीला हळूच कान लावला.

"केवढ्या आहेत!" तो हसला. "आणि सगळ्या एकदम बोलताहेत."

"न्याल का वरपर्यंत?"

"नेऊ की."

एवढं म्हणून तो जीपच्या तोंडाकडं बघत राहिला. साडीच्या निऱ्यांकडं बघितलं, घाटाकडं बघितलं, आत्याकडं बघितलं. तोंड उघडलं... आणि मिटून घेतलं. मग गुमान ट्रॉलीची पिन लावायला वाकला. धनश्रीला वाटलं, पैशाचं विचारायला लाजत असेल. ते तसं नव्हतं, पण ते तिला पुढं कळलं.

जीप निघाली. धनश्री पुढं त्याच्या शेजारी, मागं गोजरबाई आणि भोपळा, त्यामागं ट्रॉली. घाटाचा चढ लागला तसा रविराजनं गिअर खाली घेतला आणि गाडी बैलगाडीच्या बेतानं चालायला लागली.

"जरा जोरात नाही का जाणार?" धनश्रीनं विचारलं. तिचा जीव मागं होता.

"जाईल. पण मग वरपर्यंत नाही जाणार." त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली. "म्हातारी आहे. वरच्या गिअरला दामटली की कुथते, कुथली की तापते. खालच्या गिअरला इंजिन मोकळं फिरतं, पंखा फिरतो, पाणी फिरतं. तिला तिच्या चालीनं जाऊ द्यायचं, मागं ओझं असताना तर हट्टच करायचा नाही."

"फार लाड करता."

"कुणीतरी करायला पाहिजे ना."

असं म्हणून त्यानं तिच्याकडं पाहिलं. लगेच समोर. थोड्या वेळानं परत. जुन्या जीपला तापमानाचा काटा मधोमध असतो, म्हणजे काटा बघायचा तर नजर धनश्रीच्या गुडघ्यापर्यंत यायची, आणि आली की थोडी वरही जायची.

"तुम्ही काट्याकडं बघताय की माझ्याकडं?"

"काट्याकडं!"

"मघापासून पाचव्यांदा?"

"तो... सारखा बघावा लागतो."

"सोयीचा आहे हो काटा," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून हसली. मागून गोजरबाई खाकरल्या.

पण तिनंही मग काट्याकडं पाहिलं, आणि तिचं हसू मावळलं. काटा मधली खूण ओलांडून वर सरकत होता. घाट अजून निम्मासुद्धा झाला नव्हता. कोवळं ऊन डोंगराच्या कडेवरून रस्त्यावर उतरलं होतं.

"हीटर लावतो," रविराज म्हणाला.

"अहो, थंडी कुठं राहिली आता?"

"तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. आजोबांनी दुधाच्या पहाटफेऱ्यांसाठी बसवून घेतला होता. इंजिनाची ऊब आत ओढून घेतो. तेवढंच तिचं ओझं कमी होईल."

आणि त्यानं तो लावला. बापरे बाप! भट्टीचं दार उघडल्यासारखी गरम हवा धनश्रीच्या तोंडावर आली. कपाळावरून घाम निघाला, केस गालाला चिकटले, ओढणीचं टोक फडफडून वैतागलं.

"तुमच्याकडं पाहुण्यांचं असंच करतात का? भाजून काढतात?"

"पाहुणे सहसा एवढा वेळ थांबत नाहीत."

"मी उतरणार नाही. माझी लेकरं मागं बांधलीत."

"मग मीही नाही उतरत," तो म्हणाला. त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब ओघळला. तिनं नकळत रुमाल पुढं केला, आणि त्यानं तो घेताना बोटांना बोटं लागली. बाहेर कुठं तरी मोर ओरडला. खरं सांगायचं तर त्या भट्टीतसुद्धा धनश्रीला क्षणभर छान वाटलं होतं.

"अरं, मला इथं भाजून मारतोस का रं रव्या?" गोजरबाईंनी दोघांनाही जमिनीवर आणलं.

हीटरनं काटा जरा थबकला. पण पुढचं वळण अंगावर येणारं होतं, आणि ते चढताना तो पुन्हा वर निघाला. तांबड्या रेघेला टेकायच्या आत रविराजनं रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. चाकांना दगड लावले. इंजिन मात्र चालूच ठेवलं.

"बंद करा ना," धनश्री म्हणाली. "थंड होऊ दे."

"बंद केलं तर पाणी फिरायचं थांबेल, मग आणखी तापेल. जागेवर फिरू दे थोडा वेळ, आपोआप उतरेल."

पण उतरेना. काटा हट्टी पोरासारखा तिथंच बसून राहिला. धनश्री मागं धावली. पेट्यांचा आवाज बदलला होता. मघाची गुणगुण आता घोंगावण्यासारखी मोठी झाली होती. जाळीपाशी माश्यांची दाटी झाली होती, आणि सगळ्या पंखांनी वारा घालत होत्या. गेल्या वर्षी अस्साच आवाज झाला होता. आधी वाढला होता, आणि मग... कमी कमी होत गेला होता.

ती पुढं आली. रविराज जीपच्या तोंडासमोर उभा होता आणि साडीच्या निऱ्यांवर हात ठेवत होता, परत मागं घेत होता. साडीच्या आतून धग येत होती. तिनंही हात लावला. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, हिला वाराच नाही! पेटीचं तोंड बंद केलं की माश्या गुदमरतात. तुम्ही तर हिच्या तोंडावर साडी बांधलीय, वर हार घातलाय! वारा जाणार कुठून?"

त्यानं मान खाली घातली.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"हो," तो हळू आवाजात म्हणाला. "खालीच वाटलं होतं, मागं ओझं घेऊन जमायचं नाही. पण आत्याचा बोल... तिनं मला लहानाचं मोठं केलंय. तिला नाही म्हणायचं कसं, हेच मला कधी जमत नाही."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?" धनश्रीचा आवाज चिरकला. "मी दुसरी गाडी बघितली असती! त्या मागं मरतील हो! तुमच्या भिडेपायी मरतील!"

रविराज कसनुसा झाला. मग छातीत हवा भरून घेऊन जीपच्या मागच्या बाजूला गेला. "आत्या, साडी सोडावी लागते."

"न्हाई."

"आत्या, अगं —"

"देवीला बोललेय मी. उंबऱ्याला पोचायच्या आत सोडली अन् गाडीला काय झालं तर? तुज्या आजाची गाडी हाय ती. तुजा बाप असाच..." गोजरबाई थांबल्या. रविराजचे वडील अपघातात गेले होते, हे धनश्रीला त्या अर्धवट वाक्यावरनंच कळलं. म्हणजे ही साडी हौसेची नव्हती, भीतीची होती. तिचा राग निम्मा तिथंच विरघळला.

तिनं गोजरबाईंचा हात धरला. "आत्या, एकदा खाली या. नुसतं ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं."

गोजरबाई कुरकुरत उतरल्या आणि पेटीला कान लावून उभ्या राहिल्या. आत एवढा गलका चालला होता की त्यांनी दचकून मान मागं घेतली. मग पुन्हा कान लावला, या वेळी बराच वेळ.

"आरडत्यात गं ह्या," त्या म्हणाल्या. "पानी मागत्यात का?"

"वारा मागताहेत. आणि गारवा."

गोजरबाईंनी जाळीतून डोकावणाऱ्या माश्यांकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले, बहुतेक देवीशी बोलणं चाललं होतं. मग पदर खोचून तरातरा पुढं गेल्या आणि गाठ सोडायला लागल्या. "लेकरं घुसमटत्यात अन् मी साडी धरून बसू व्हय? देवीबी आईच हाय. तिला कळतंय." हार निघाला, निऱ्या सुटल्या. रविराज आ वासून बघत राहिला, कारण गोजरबाईंनी बोल मोडलेला त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"बघतोस काय? पानी आन!"

गाडीत पाण्याचा एकच कॅन होता. रेडिएटरसाठी ठेवलेला. पुढं लागलं तर दुसरं पाणी घाटात कुठं मिळणार नव्हतं. रविराजनं कॅन काढला, एकवार इंजिनाकडं पाहिलं आणि तो सगळाच्या सगळा साडीवर ओतला.

"अहो, गाडीला लागलं तर?" धनश्री म्हणाली.

"गाडी थांबेल. ह्या थांबणार नाहीत."

त्या एका वाक्यावर धनश्री भाळली, बघा. पुढं कधी विचाराल तर ती दुसरंच काहीतरी सांगेल, पण खरं ते तिथंच, त्या वळणावर झालं. दोघांनी मिळून ओली साडी पेट्यांवरून अंथरली. "तोंडावर नको, वरून वरून," ती सांगत होती आणि तो साडीची टोकं नाजूक हातानं खोचत होता. घाटातला वारा ओल्या कापडावरून फिरला. हळूहळू आवाज निवत गेला.

तिकडं मोकळ्या जाळीतून वारा लागल्यावर जीपचा काटाही खाली यायला लागला. ओझं कमी व्हावं म्हणून गोजरबाईंनी आपली बाजरीची पोती वळणावरच्या, अजून बंद असलेल्या रसवंतीच्या आडोशाला ठेवून दिली. भोपळा मात्र सोडला नाही. मग पुन्हा तोच खालचा गिअर, तोच हीटर, तीच भट्टी. आता कुणी कुरकुर केली नाही. घाटमाथ्यावर पोचल्यावर गोजरबाईंनीच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या.

मळ्यात पोचले तेव्हा कांद्याचे पांढरे गोंडे उन्हात नुसते चमकत होते. अण्णा धावत आले. एकेक पेटी उतरवून धनश्री जाळ्या काढत गेली. माश्या भसाभस बाहेर पडल्या, दाराशी घुटमळल्या, आणि पांढऱ्या फुलांवर जाऊन बसल्या. धनश्री हसत होती, डोळे पुसत होती. मग ती शेवटच्या पेटीपाशी आली. पेटी ट्रॉलीच्या कोपऱ्यात होती, साडी तिथवर पुरली नव्हती. जाळी काढली. आतून काही आलं नाही.

ती तिथंच मातीत बसली. रविराज येऊन शेजारी उभा राहिला.

"माझ्यामुळं झालं," तो म्हणाला. "मी खालीच बोललो असतो तर..."

त्याला बरं वाटावं म्हणून ती खोटं बोलू शकली असती. बोलली नाही. "हो," ती म्हणाली. "तुम्ही बोलला असता तर ही वाचली असती. बाकीच्या तुम्ही वाचवल्या, तेही खरं आहे. पण जे बोलायचं ते वेळेवर बोलत जा, रविराज. नंतर बोलून पेटी परत येत नाही."

त्यानं मान हलवली. मग खुरपं मागून घेऊन बांधावर खड्डा केला आणि त्या मेलेल्या माश्या दोघांनी मिळून मातीत घातल्या. अण्णा लांबून बघत होते. पेट्या विकायचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही, आणि नंतरही नाही.

पुढं फुलोरा असेपर्यंत रविराज दर सुट्टीला मळ्यात यायचा. कारणं दर वेळी नवी. कधी 'इकडून चाललोच होतो', कधी 'आत्यानं ठेचा दिलाय'. धनश्री त्याला पेटीतली राणी ओळखायला शिकवायची. एकदा त्याच्या कानाच्या पाळीला माशी डसली. "हलू नका. चिमटीत धरला तर विष आत जातं," म्हणत तिनं नखानं हळूच काटा खरवडून काढला. तिचा श्वास त्याच्या मानेवर येत होता.

"निघाला?" त्यानं विचारलं.

"कधीच."

"मग?"

"मग काय? कान बघतेय. किती लाल होतो तो!"

तो तिच्याकडं बघत राहिला. "धनश्री, मी काय म्हणतो..."

"काय?"

"...यंदा फुलं चांगली आलीत."

"हो," ती म्हणाली. "फारच."

असं एकदा नाही, कितीदा तरी झालं. तो 'मी काय म्हणतो' म्हणायचा, तिचं काळीज धडधडायचं, आणि मग फुलं यायची, ऊन यायचं, नागापूरचं ट्रॅफिक यायचं. चिडायची हो ती! रात्री उशीवर तोंड दाबून म्हणायची, बोल की रे बाबा, एकदा बोल. स्वतः बोलायला तिला कुणी अडवलं नव्हतं. पण तिला तो हवा होता तो स्वतःच्या तोंडानं बोलणारा. आयुष्यभर ज्याच्या मनातलं ओळखत बसायचं, असा माणूस तिला नको होता.

मार्च सरत आला. फुलं वाळून बी भरलं, आणि पेट्या हलवायची वेळ आली. पुढचा मुक्काम पश्चिमेला, अकोले तालुक्याच्या डोंगरात, जांभळाच्या फुलोऱ्यावर. तिथं पाऊस लागेपर्यंत राहायचं होतं आणि फोनला रेंज नव्हती. अण्णांनी या वेळी नवीकोरी मोठी पिकअप ठरवली होती, ट्रॉलीबिलीची भानगडच नव्हती.

निघायच्या सकाळी रविराज आत्याला घेऊन निरोप द्यायला आला. पेट्या त्यानंच चढवल्या, दोऱ्या त्यानंच आवळल्या. अण्णा केबिनमध्ये बसले. त्यांच्या शेजारी धनश्री. गोजरबाईंनी खिडकीतून भाकरीचं गाठोडं दिलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. रविराज समोर उभा.

"मी काय म्हणतो..." तो म्हणाला.

धनश्रीनं श्वास रोखला.

"...सांभाळून जा."

"हो," ती म्हणाली आणि काच वर केली. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, ते त्याला दिसू नये एवढंच तिला वाटत होतं. पिकअप सुरू झाली. मळ्याच्या चाकोरीतून हळूहळू रस्त्याकडं निघाली.

आणि करकचून ब्रेक लागला.

रविराज बांधावरून धावत येऊन गाडीच्या पुढं, दोन्ही हात पसरून उभा होता. धापा टाकत होता, एक चप्पल मागंच राहिली होती.

"काय झालं?" अण्णा घाबरून ड्रायव्हरच्या खिडकीकडं वाकले. "चाक पंक्चर का?"

"चाक नाही, अण्णा! माझं... मला..." त्याचा आवाज फाटला. मग तो ओरडलाच, मळ्यातल्या खुडणीच्या बायासुद्धा उभ्या राहून बघायला लागल्या एवढ्या मोठ्यानं. "मला धनश्री आवडते! कधीपासून आवडते, रोज सांगायचं ठरवतो आणि फुलांचं बोलून घरी जातो! मला तिच्याशी लग्न करायचंय! ती नाही म्हणाली तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण... न सांगता राहिलो असं नको व्हायला. आत्या, तुला आधी विचारलं नाही. रागाव हवं तर."

गोजरबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"रागवू कशापायी?" त्या म्हणाल्या. "मीच देवीला बोलले हुते, ह्या मुक्याला एकदा वाचा फुटू दे म्हनून."

ड्रायव्हर हसू दाबत होता. अण्णा लेकीकडं वळले. त्यांनी काही विचारलं नाही, नुसते बघत राहिले, आणि धनश्रीला त्या क्षणी आपला बाप फार आवडला. तिनं काच खाली केली.

"हो!" ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी, गाल ओले तसेच ठेवून. "मलाही आवडता तुम्ही. हो म्हणते मी, लग्नाला हो! पण आता बाजूला व्हा, रविराज — माश्या उन्हात उभ्या आहेत!"

रविराज हसत, धडपडत बाजूला व्हायला लागला, तशी गोजरबाईंनी त्याच्या दंडाला धरून त्याला मागं वळवलं. "बाजूला कुटं चाललास? चढ की वर! एवढ्या लांबच्या वाटंला पेट्या धरायला मानूस नगं? पोचवून ये, तवर मी हितंच मळ्यात ऱ्हाते."

तो चढला. तसाच, एका पायात चप्पल. पेट्यांच्या मधे अंग चोरून बसला. धनश्रीनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा समोरच्या रस्त्याकडं बघत होते, जणू त्यांना काही दिसलंच नव्हतं. मग तिनं केबिनचं दार उघडलं, खाली उतरली, आणि मागं जाऊन त्याच्या शेजारी बसली.

"चल बाबा," अण्णा ड्रायव्हरला म्हणाले. "सावकाश घे."